किनाऱ्यावरचे घर आणि नगरची ठेव

(अहिल्यानगरच्या सावेडी उपनगरात निवृत्त कर्मचारी आणि गृहिणींसमोर झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



नगर जिल्ह्यात उभे राहून समुद्रकिनाऱ्यावर बोलायचे, हे थोडे विचित्र वाटेल. आपल्याकडे पाण्याचा विषय निघाला की भंडारदरा, मुळा, निळवंडे आणि शेवटी जायकवाडीचा वाद, एवढ्यात चर्चा संपते. तरीही आयोजकांनी मला हा विषय दिला आणि मी तो स्वीकारला, याला कारण आहे. गेल्या दोन वर्षांत या शहरातील किमान पंधरा कुटुंबांनी मला एकच प्रश्न विचारला असेल : "मुंबईत समुद्राजवळ जुन्या इमारती पाडून नव्या होत आहेत. तिथे एखादा फ्लॅट घेऊन ठेवावा का?"

हा प्रश्न आजच का पडतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला. शतकाहून अधिक काळ या शहराच्या व्यवहाराचा भाग असलेली ती संस्था होती. ठेव विम्याचे संरक्षण प्रत्येक ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंत असते. त्याहून अधिक ठेव असणाऱ्यांनी काय सोसले, ते मी सांगण्याची आवश्यकता नाही. तेव्हापासून आपल्या घरांमध्ये एक वाक्य रूढ झाले आहे. बँकेत नको, जागेत टाका. जागा पळून जात नाही.

जागा पळून जात नाही, हे खरे. परंतु जागेचा ताबा, जागेचा हक्क आणि जागेची किंमत या तिन्ही गोष्टी पळून जाऊ शकतात. आजचा माझा विषय नेमका तेवढाच आहे.

उदाहरणासाठी मी एकच उपनगर घेतो. वर्सोवा. अंधेरीच्या पश्चिमेला, समुद्र आणि खाडी यांच्या बेचक्यात वसलेले. मूळचा कोळीवाडा, पलीकडच्या तीरावर मढचा किल्ला. अंधेरी परिसर १९५० मध्ये मुंबई महापालिकेत आला आणि १९५७ मध्ये पालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. त्यानंतरच्या तीन दशकांत सात बंगला, चार बंगला, यारी रोड या भागांत तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या. जवळच डी. एन. नगरसारख्या म्हाडाच्या वसाहती झाल्या. त्यांत राहायला आला तो कारकून, शिक्षक, बँक कर्मचारी, गिरणीतला जॉबर. आपल्या पारनेर, अकोले, संगमनेर तालुक्यांतून मुंबईला गेलेल्या माणसांपैकी ज्यांना थोडे बरे दिवस आले, तेही अशाच वसाहतींत स्थिरावले.

या इमारती आता चाळीस-पन्नास वर्षांच्या झाल्या. खाऱ्या वाऱ्यात सिमेंटच्या आतील सळया गंजतात, गंजलेली सळई फुगते आणि गिलावा सुटू लागतो. समुद्राजवळची इमारत पुण्या-नगरच्या इमारतीपेक्षा लवकर म्हातारी होते, ती यामुळे. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण मुंबईत कायद्याने बंधनकारक आहे. अहवाल प्रतिकूल आला की दुरुस्ती की पुनर्विकास, हा प्रश्न सोसायटीपुढे उभा राहतो. बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेले असते : पुनर्विकास. कारण दुरुस्तीला स्वतःच्या खिशातून पैसे घालावे लागतात आणि पुनर्विकासात मोठे घर 'फुकट' मिळते, अशी समजूत आहे.

ते फुकट कसे मिळते, याचे गणित आपण समजून घेतले पाहिजे. हे गणित ज्याला येत नाही, त्याने त्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

समजा, एक हजार चौरस मीटरचा भूखंड आहे आणि त्यावर एक हजार चौरस मीटर बांधकाम आहे. मुंबईची सध्याची विकास नियंत्रण नियमावली सप्टेंबर २०१८ पासून लागू झाली. तिच्यानुसार उपनगरात मूळ चटई क्षेत्र निर्देशांक एकच आहे. मात्र अधिमूल्य भरून आणि विकास हक्क, म्हणजे ज्याला बाजारात टीडीआर म्हणतात तो विकत घेऊन, रस्त्याच्या रुंदीप्रमाणे हा निर्देशांक वाढवता येतो. रस्ता ९ मीटरहून अरुंद असेल तर वाढ नाही. ९ मीटरच्या पुढे तो दोनपर्यंत जातो आणि २७ मीटर वा त्याहून रुंद रस्त्यावर अडीचपर्यंत. त्यावर आणखी ३५ टक्के पूरक क्षेत्र मिळते. आपल्या उदाहरणात निर्देशांक दोन धरला, तर दोन हजार अधिक सातशे असे २,७०० चौरस मीटर बांधता येईल. जुन्या सभासदांना त्यांचे एक हजार आणि त्यावरचे ३५ टक्के, म्हणजे १,३५० दिले. उरले १,३५०. हे उरलेले घर-क्षेत्र विकासक बाजारात विकतो. त्या विक्रीतून त्याला सगळ्या इमारतीचे बांधकाम, पालिकेचे अधिमूल्य, टीडीआरची किंमत, सभासदांचे दोन-तीन वर्षांचे भाडे, कॉर्पस, कर्जाचे व्याज आणि स्वतःचा नफा, एवढे सारे काढायचे असते.

म्हणजे पन्नास कुटुंबांचे छप्पर, विकासक पुढच्या तीन-चार वर्षांत अनोळखी माणसांना काय दराने घरे विकू शकेल, या एका अंदाजावर टांगलेले असते. दर चढते असतील तर सर्व सुरळीत. दर थबकले, कर्ज महागले, मंजुरी अडली की पहिल्यांदा बंद होते ते सभासदांचे भाडे. नंतर काम.

गोरेगावच्या सिद्धार्थ नगरचे, म्हणजे पत्रा चाळीचे प्रकरण आपण वृत्तपत्रांत वाचले असेल. तेथे ६७२ कुटुंबे होती आणि २००८ मध्ये करार झाला. घरे रिकामी झाली, पाडली गेली आणि प्रकल्प वर्षानुवर्षे रखडला. भाडे थांबले. अखेर २०१८ मध्ये म्हाडाला तो ताब्यात घ्यावा लागला. ज्यांनी चाळिशीत घर सोडले, ते साठीकडे झुकले. त्या चाळीतील कोणाही माणसाने जुगार खेळला नव्हता. त्यांनी फक्त कागदावर सही केली होती.

आता समुद्राकडे येऊ. वर्सोव्यातल्या घराची किंमत अधिक असते ती समुद्रामुळे, आणि त्या घराच्या पुनर्विकासाला अडचणी अधिक येतात त्याही समुद्रामुळेच. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी केंद्र सरकारने किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली. भरतीरेषेपासून सर्वसाधारणपणे ५०० मीटरपर्यंतचा पट्टा तिच्याखाली आला. शहरी, आधीच वसलेल्या किनाऱ्यावर बांधकामाला परवानगी राहिली. तथापि चटई क्षेत्र मात्र त्या वेळच्या नियमांवर गोठवले गेले. त्यामुळे एकाच रस्त्यावर, रेषेच्या अलीकडची सोसायटी उंच मनोरा बांधू शकली आणि पलीकडची सोसायटी गळक्या छपराखाली बसून राहिली, अशी दृश्ये मुंबईच्या किनाऱ्यावर कित्येक वर्षे होती. २०११ मध्ये नवी अधिसूचना आली, जानेवारी २०१९ मध्ये तिसरी. या तिसऱ्या अधिसूचनेने गोठवलेले चटई क्षेत्र मोकळे केले आणि २०२१ मध्ये मुंबईचे किनारा व्यवस्थापन आराखडे मंजूर झाल्यावर त्याचा प्रत्यक्ष लाभ मिळू लागला. आज वर्सोवा, जुहू, खार या भागांत जी पाडापाडी दिसते, तिच्यामागचे एक मोठे कारण हे आहे.

दलाल आपल्याला सांगतो की "एरिया डेव्हलप होतोय." तो हे सांगत नाही की, एका अधिसूचनेने उघडलेले दार दुसऱ्या अधिसूचनेने किंवा न्यायालयाच्या आदेशाने पुन्हा अरुंद होऊ शकते. कांदळवनांबाबत उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेल्या निकालाने कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित केला आहे. वर्सोव्याच्या पाठीमागची खाडी कांदळवनाने भरलेली आहे. ते योग्यच आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा खाडी आणि कांदळवन म्हणजे काय, हे मुंबईला कळले. फक्त, आपण जो भूखंड पाहतो तो या पट्ट्यांत कुठे बसतो, हे नकाशावर पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत. विमानतळ जवळ असल्याने उंचीची मर्यादा येते, ती आणखी वेगळी.

दुसरे आकर्षण असते प्रकल्पांचे. मेट्रो, सागरी सेतू, किनारा मार्ग. यात खोटे काही नाही. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो धावते आहे. दहिसरपासून अंधेरी पश्चिमेपर्यंतची मेट्रो जानेवारी २०२३ मध्ये पूर्ण सुरू झाली. मरीन ड्राइव्ह ते वरळी किनारा मार्ग २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. पण पहिल्या मेट्रोचे भूमिपूजन जून २००६ मध्ये झाले होते आणि पहिली गाडी धावली ८ जून २०१४ रोजी. वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूचे कंत्राट २०१८ मध्ये दिले गेले, काम अद्याप चालू आहे. त्यापुढचा वर्सोवा-दहिसर मार्ग तर आणखी लांबचा. आज वर्सोव्यात घर घेणारा माणूस या सर्व मार्गांची किंमत आजच भरतो. त्यावरून गाडी केव्हा चालेल हे त्याच्या हाती नसते. पत्रकार म्हणून मी अनेक भूमिपूजनांना उपस्थित राहिलो आहे. नारळ फुटतो त्याच सायंकाळी दर वाढतात, एवढे मी निश्चित सांगू शकतो.

(एक गोष्ट जाता जाता. वर्सोव्याचा किनारा एके काळी प्लास्टिकच्या ढिगाखाली गाडला गेला होता. २०१५ पासून अफरोज शाह नावाच्या वकिलाने आणि त्यांच्याबरोबरच्या नागरिकांनी दर आठवड्याला हाताने तो साफ केला. त्या श्रमांची गणना जाहिरातीत 'स्वच्छ समुद्रकिनारा, दोन मिनिटांवर' अशी होते.)

आता पैशांचा हिशेब. समजा, आपण दोन कोटींचा फ्लॅट घेतला. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घेतला तर ६ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे १२ लाख, नोंदणीचे ३० हजार, ५ टक्के जीएसटीचे १० लाख. पहिल्या दिवशीच साडेबावीस लाखांच्या जवळपास गेले. घर पत्नीच्या किंवा मुलीच्या एकटीच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, म्हणजे दोन लाख वाचतात. आपल्याकडे अजूनही हा विचार फार थोडी कुटुंबे करतात. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेली तयार सदनिका घेतली तर जीएसटी नाही. मग भाडे. दोन कोटींच्या घराला महिना पन्नास हजार धरू, म्हणजे वर्षाला सहा लाख. त्यातून महिनाभर घर रिकामे राहणे, दलालीचा एक महिना, सोसायटीचा देखभाल खर्च महिना दहा हजार, मालमत्ता कर, हे वजा केले की हाती साडेतीन लाख उरतात. एकूण गुंतवणुकीवर दीड टक्क्याच्या किंचित वर. त्यावर प्राप्तिकर वेगळा. कोणत्याही राष्ट्रीयीकृत बँकेची साधी मुदत ठेव याहून बरी.

म्हणजे सारा भार पुढे वाढणाऱ्या किमतीवर. आणि विकताना नफ्यावर कर आहेच. २३ जुलै २०२४ पासून महागाई निर्देशांकाचा लाभ न देता साडेबारा टक्के असा नियम झाला. त्यापूर्वी घेतलेल्या घरांसाठी जुन्या पद्धतीने २० टक्क्यांचा पर्याय ठेवला आहे, पण आज घेणाऱ्याला तो नाही. वीस वर्षांपूर्वी मुंबईत घर घेतलेल्या मामा-काकांची उदाहरणे आपण देतो. ते खरेच श्रीमंत झाले. पण त्यांनी घर घेतले होते राहण्यासाठी, आणि त्यांच्या वेळी ते स्वस्त होते. त्यांच्या नफ्याची पावती दाखवून आपल्याला आजच्या दराने विकले जाते.

तरीही कोणी घ्यायचे ठरवले, मुलगा-मुलगी मुंबईत नोकरीला आहे, राहण्याची खरी गरज आहे, तर काय घ्यावे? येथे मला थोडे थांबून सांगायचे आहे. नगरची माणसे बहुतेक याच ठिकाणी फसलेली मी पाहिली आहेत.

पुनर्विकास होणाऱ्या उपनगरात तीन प्रकारचा माल असतो. तयार, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले घर. बांधकाम चालू असलेले विकासकाचे घर. आणि अजून पाडली न गेलेली जुनी खोली, जी घेतली की 'पुढे मोठे घर मिळणार' असे सांगतात. तिसरा प्रकार सर्वांत स्वस्त आणि गावाकडच्या माणसाला सर्वाधिक आकर्षक. दुसऱ्या प्रकारात आपल्याला रेराचे संरक्षण असते. १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात ते लागू आहे. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर पाहता येतो, ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते, विलंब झाला तर व्याज मागता येते. पण जुनी खोली घेणारा माणूस विकासकाचा ग्राहक नसतो. तो जुन्या सभासदाच्या जागी उभा राहतो. रेराचे छत्र आजवर प्रायः विक्रीच्या घरांपुरते राहिले आहे. जुन्या सभासदाचा आधार एकच, सोसायटीने विकासकाशी केलेला नोंदणीकृत करार. तो करार नीट असेल तर नशीब, ढिसाळ असेल तर पत्रा चाळ. खोली स्वस्त मिळते ती याच जोखमीमुळे. ही गोष्ट कोणताही दलाल उलगडून सांगत नाही.

पारनेर तालुक्यातील एका निवृत्त शिक्षकांची हकीकत मी जवळून पाहिली. २०१२ साली त्यांनी रस्त्यालगतची तीन एकर जमीन विकली आणि पश्चिम उपनगरातील म्हाडा वसाहतीत एक खोली घेतली. व्यवहार झाला कुलमुखत्यारपत्रावर. मूळ गाळेधारक म्हणाला, हस्तांतर नंतर करू. केवळ कुलमुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आदल्याच वर्षी, २०११ मध्ये, निःसंदिग्ध शब्दांत सांगितले होते. गुरुजींनी तो निकाल वाचला नव्हता. आपल्यापैकी कितीजणांनी वाचला आहे? पुढे मूळ गाळेधारक वारला, वारस उभे राहिले, पुनर्विकासाच्या यादीत नाव त्यांचे लागले. गुरुजी आज मुंबईच्या न्यायालयात तारखांना जातात आणि विकलेल्या जमिनीवर आता कोणाचे तरी मंगल कार्यालय आहे. ते मला एकदा म्हणाले, "मी मुलांना आयुष्यभर सांगत आलो, सही करण्यापूर्वी वाचा." पुढे ते काही बोलले नाहीत.

म्हणून कागद. जमीन कोणाच्या नावे आहे ते मालमत्ता पत्रकावर पाहावे. सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण झाले आहे का, नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा आदेश आहे का, हे विचारावे. म्हाडाची जमीन असेल तर भाडेपट्टा आणि म्हाडाने मंजूर केलेले हस्तांतर. विकासकाची निवड ज्या सभेत झाली तिचे इतिवृत्त मागावे. शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशानुसार या सभेला दोन तृतीयांश सभासदांची उपस्थिती, निबंधकांचा प्रतिनिधी, चित्रीकरण आणि ५१ टक्क्यांची संमती अपेक्षित आहे. विकासकाकडून बँक हमी घेण्याचीही तरतूद आहे. ही हमी किती सोसायट्या प्रत्यक्षात घेतात, हा संशोधनाचा विषय ठरेल. आणि तयार घर घेताना भोगवटा प्रमाणपत्र. वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत पाच मजल्यांची परवानगी असताना मजल्यांवर मजले चढले. लोकांनी घरे घेतली, पंचवीस-तीस वर्षे संसार केले. फेब्रुवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मजले अवैध ठरवले. त्या घरांतील माणसे शिकलेली, सुस्थित होती. समुद्र जवळ होता.

आता या प्रश्नाची दुसरी बाजू. आपल्या जिल्ह्यातून मुंबईला जे गेले, त्यांच्या दृष्टीने.

वर्सोव्याच्या उत्तरेला, खाडी ओलांडून गेले की मालवणी, चारकोप, गोराई. १९८५ नंतर जागतिक बँकेच्या अर्थसाह्याने म्हाडाने येथे छोटे भूखंड आखून दिले. कोणाला पंचवीस चौरस मीटर, कोणाला तीस-चाळीस. जोते आणि शौचालय सरकारचे, घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचे. माझे मामा अकोले तालुक्यातले, मुंबईत माथाडी. त्यांना चारकोपला असा एक तुकडा मिळाला. मामी डोक्यावरून विटा वाहायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा तेथे रिक्षा यायला तयार नसे. आज त्यांच्या घरापासून मेट्रोचे स्थानक चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि दर आठवड्याला एक दलाल दार वाजवतो.

मामेभावाचे म्हणणे, विकून टाकू, विरारला दोन खोल्या येतील आणि उरलेल्यातून गावाकडे विहीर. मी त्याला थांबवले. म्हाडाच्या वसाहतींना चटई क्षेत्र तीनपर्यंत मिळते. जी वाढ उद्या होणार, ती दलाल आज तुझ्याकडून अर्ध्या किमतीत नेतो, हे मी त्याला कागदावर मांडून दाखवले. परंतु मी त्याला दुसरी बाजूही सांगितली. उंच इमारत झाली की लिफ्ट, पंप, सुरक्षारक्षक, अग्निशमन यंत्रणा यांचा खर्च येतो. आज महिना पाचशे रुपये भरणाऱ्याला उद्या पाच हजार भरावे लागतील. मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घराला १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. मोठ्या घराचा हट्ट धरला की ती माफी गेली. पुनर्विकासानंतर दोन-चार वर्षांत अनेक मराठी कुटुंबे नवे घर विकून बाहेर पडतात, त्यांना कोणी हाकलत नाही. महिन्याचे देखभाल बिल त्यांना बाहेर काढते. निवृत्त माणसाने कॉर्पसची रक्कम मुलाच्या मोटारीत न घालता याच बिलासाठी बांधून ठेवली, तरच तो त्या घरात टिकेल.

यावर एक मार्ग आहे आणि तो नगरच्या माणसाला तरी अपरिचित वाटू नये. विकासक न नेमता सोसायटीने स्वतः इमारत बांधायची : स्वयंपुनर्विकास. आपण मघाशी जे १,३५० चौरस मीटर विकासकाला दिले, ते सोसायटीने स्वतः विकायचे. नफा सभासदांच्या घरांत आणि देखभाल निधीत जातो. १३ सप्टेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने यासाठी सवलती जाहीर केल्या आणि मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने कर्जपुरवठ्यात पुढाकार घेतला. काही इमारती उभ्याही राहिल्या. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या साह्याने शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा केला, तेव्हा लोकांनी हेच म्हटले होते की अडाणी शेतकरी कारखाना काय चालवणार. चारकोपची सोसायटी आणि आपले साखर कारखाने, दोन्ही १९६० च्या एकाच सहकार कायद्याखाली चालतात.

पण सहकाराचे नाव घेतले की सारे पवित्र होते, असे या शहरात बसून कोण म्हणेल? नगर अर्बनचा उल्लेख मी सुरुवातीला केलाच. सोसायटीचे सचिव हिशेब दाखवत नसतील, सभेला तीस घरांतून नऊ माणसे येत असतील, तर स्वयंपुनर्विकासाच्या वाटेला जाऊ नये. नामांकित विकासक आणि कडक करार परवडला. प्रामाणिक वास्तुविशारद, प्रकल्प सल्लागार आणि दर महिन्याला लेखापरीक्षण, एवढे असेल तरच पाऊल टाकावे. विकण्याच्या घरांना बाजार मिळाला नाही तर तोटाही सोसायटीचाच, हे प्रत्येक सभासदाच्या सहीनिशी नोंदवून घ्यावे.

मामांच्या सोसायटीत तेहतीस घरे आहेत. सत्तावीस तयार आहेत. चौघांना विकासकाने परस्पर काही कबूल केले आहे, असे म्हणतात. एकजण दुबईला असतो आणि उत्तर देत नाही. आणि एक आजी आहेत, त्यांचे म्हणणे, मी मेल्यावर काय ते करा, माझे अंगण मोडू नका. कायद्याने सत्तावीस पुरेसे आहेत. पण आजींचे अंगण, म्हणजे आठ बाय दहाची फरशी आणि तुळस, ही त्यांनी स्वतः विटा वाहून मिळवलेली आहे. त्यांना पोलीस बंदोबस्तात बाहेर काढावे, असे अजून तरी त्या गल्लीत कोणाला वाटत नाही. सभा होते, चहा होतो, पुढची तारीख पडते. वर्ष गेले.

येत्या रविवारी पुन्हा सभा आहे. म्हाडाच्या भाडेपट्ट्याची प्रत आणि मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मी मागवले आहेत. आजींकडे त्याआधी एकट्यानेच जायचे ठरवले आहे. नव्या इमारतीत तळमजल्यालगतचे घर त्यांना देता येईल का, हे वास्तुविशारदाला विचारून ठेवले आहे. तो म्हणाला, बघू.

आपल्यापैकी काहींनी चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहून दिले आहेत. पहिली चिठ्ठी भिंगारच्या एका भगिनींची दिसते. त्यांनी सोबत विक्री कराराची छायाप्रत जोडली आहे. ती मी आधी वाचतो, मग बोलू.